तिरकी कबर

१५ जानेवारी १९६८, सोमवार

चर्चच्या पंचांनी नवी वही दिली. कबरस्थानाची यादी करायची आहे. पुढची पाने यादीला आणि मागची माझी, असे मनाशी ठरवले. वही उलटी धरली की माझी बाजू येते.

यादीचे कारण रस्ता. मुंबई-आग्रा रस्ता रुंद होणार आहे. ओव्हरसियरसाहेब शनिवारी येऊन दोरी धरून गेले. जागा दोन्ही बाजूंनी घेणार; आमच्या बाजूचे तीस फूट जाणार. चर्च वाचते, विहीर वाचते, पण कबरस्थानाचा पुढचा पट्टा जातो. त्यांनी छापील कागद दिला आहे. प्रत्येक कबरीपुढे चार रकाने: नाव, मंडळी म्हणजे कोणत्या चर्चचा, साल, वारस. ज्या कबरीला वारस असेल तिच्यातले अवशेष मागच्या मोकळ्या जागेत हलवून देणार. ज्या कबरीला वारस नाही ती सपाट.

काम माझ्याकडे आले, कारण अक्षर बरे आहे आणि कबरस्थानाची देखरेखही माझ्याकडेच असते. याच आवारातल्या बालगृहात वाढलो, मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, सुतारकी इथेच शिकलो. साहेब लोक परत गेले त्याला सहा वर्षे झाली. आता घंटा वाजवणे, बाके दुरुस्त करणे, मंडळीत कोणी गेले तर पेटी करणे हे माझ्याकडे. कोण किती लांबीचा होता ते मला अजून पाठ आहे.

या कामाला मी लगेच हो म्हटले त्याचे खरे कारण पंचांना सांगितले नाही. इथे लिहितो. माझे आईबाप याच मंडळीचे होते आणि १९१८ च्या मानमोडीच्या तापात गेले, एवढेच मला वाढवणाऱ्या अक्काने सांगितले आहे. तेव्हा मी अंगावर पिणारा होतो. नावे विचारली की ती म्हणते, त्या वर्षी कोण कोणाची नावे लिहीत होतं? पण कुठेतरी पुरले असेलच ना. पन्नाशी आली. एक दगड सापडला तरी पुरे.

१८ जानेवारी, गुरुवार

आज बाजाराला गेलो नाही. लहानपणापासून गुरुवार म्हणजे पुढच्या गावचा बाजार. अक्का मला तेव्हाही पिशवी देऊन पाठवायची, मग ती सवयच झाली. आज यादीसाठी राहिलो.

दुपारी जेवायला घरी गेलो तेवढेच. चाळीस कबरी लिहून झाल्या. सगळ्यांचे पाय उगवतीकडे आहेत, म्हणजे शेवटल्या दिवशी उठतील तेव्हा तोंड उजेडाकडे होईल. १९१८ आणि १९१९ च्या सात आहेत. त्यांत नवराबायको म्हणून एकही जोडी नाही.

एक्केचाळिसावी कडुनिंबाखाली, घाणेरीच्या जाळीत आहे. लहानपणी अक्का तिकडे खेळू द्यायची नाही. साप आहेत म्हणायची. आज कोयत्याने वाट केली, तर पलीकडून एक बारीक पायवाट आधीच होती. साप नव्हता.

काळ्या दगडाची कबर. तिच्यावर नाव नाही. साल कोरले आहे पण शेवटचा आकडा झिजला आहे, तीन असेल किंवा आठ. सगळ्यांत विचित्र म्हणजे ती तिरकी आहे. पूर्वपश्चिम नाही, दक्षिणोत्तरही नाही. कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे, खाट घाईत टाकावी तशी. टेप लावली. लांबी सहा फूट, रुंदी साडेपाच. एका माणसाला साडेपाच फूट रुंदी कशाला?

उशाला लहानसा क्रूस कोरला आहे. एका बाजूला दिव्याचा कोनाडा, आत काजळी. दुसऱ्या बाजूला चंद्रसूर्य. वरच्या दगडात ओंजळीएवढी खोलगट वाटी.

त्या वाटीत दूध होते. ताजे. मुंग्याही अजून पुरत्या लागल्या नव्हत्या.

२० जानेवारी, शनिवार

धनसिंग आबाला विचारले. पंचांत तोच सगळ्यांत वडील, पासष्टीचा. कबरी खणण्याचे काम त्याच्या बापापासून त्यांच्याकडे आहे. आबा कुदळीला दांडा बसवत होता.

"आबा, ती कडुनिंबाखालची कोणाची?"

"ती? ती बठ्ठास्नी शे," आबा मान वर न करता म्हणाला.

"सगळ्यांची म्हणजे? कबर काय धर्मशाळा आहे?"

"तशीच समज ना भो. तुले लिखनं शे तर लिख, नही तर सोडी दे."

"तिच्यावर कोणी दूध घालतं."

"घालू दे. दूधच घालस ना, इख तर नही?"

मी आणखी विचारणार होतो, तर दांडा सैल बसला म्हणून मलाच ठोकायला लावला. आबा काहीतरी झाकतो आहे. चाळीस कबरींची माहिती त्याने तोंडपाठ सांगितली, कोणाला किती खोल पुरले तेसुद्धा. आणि इथे मात्र धर्मशाळा.

२५ जानेवारी, गुरुवार

चर्चच्या मागच्या खिडकीजवळ बाक दुरुस्त करत बसलो. खरे तर बाक चांगला होता.

बारा वाजता विहिरीच्या वाटेने नूर महंमद आला. हा पाथरवट, रस्त्याच्या मोरीवर दगड घडवतो, माझ्याहून चारसहा वर्षांनी लहान. सायकल लावली, हँडलचा लोटा काढला, सरळ कडुनिंबाखाली गेला. दूध ओतले. दगडावर हात ठेवून थोडा वेळ बसला. कोनाड्यात काडी ओढली. मग इकडेतिकडे न बघता, जसा काही आपल्याच घरातून, निघून गेला.

माझ्याच पाठीमागे, माझ्याच कबरस्थानात!

विहिरीवर सगळ्या गावाची माणसे येतात, म्हणून फाटक कधी बंद नसते. किती दिवस हे चालले आहे देव जाणे. मी गुरुवारी नसतो हे त्याला बरोबर ठाऊक आहे.

२९ जानेवारी, सोमवार

विचार करून डोके शिणले. मला असे दिसते: आज दूध आहे, उद्या चादर येईल, परवा एखाद्या पीरबाबाचे नाव. रस्ता रुंद होण्याच्या वेळीच हे का? दर्गा असेल तर रस्त्याचे खाते तिथे हात लावायला कचरते, हे कोणालाही कळते. तो कोनाडा मागाहून कोरलेला असणार. जाऊन पुन्हा पाहिला. क्रूस, कोनाडा आणि चंद्रसूर्य, तिन्हींवर टाकीचे घाव सारखेच जुने वाटतात. पण दगडातले मला काय कळणार, मी लाकडाचा माणूस.

रस्त्यापलीकडे भंवरलालशेठचे किराणा दुकान आहे. नूर महंमद दिव्याचे तेल किती नेतो म्हणून सहज विचारले. शेठ हसले.

"शांतवनभाऊ, तेल तर तुमच्याही घरी जातं. तुमच्यावरपण पाळत ठेवू का?"

"तसं नाही शेठ, पण गावात काय चाललंय ते कळलं पाहिजे."

"गावात काय चाललंय! माझी पुढची सगळी ओसरी रस्त्यात चालली, तिच्यासाठी कोणी दोन थेंब दूध घालत नाही."

शेठ बोलता बोलता विषय बदलतात. त्यांचेही काही कळत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला धुळ्याहून पाळकसाहेब आले होते. यादीबद्दल म्हणाले, जे खरे ते लिही. मी म्हणालो, आणि जे कळत नाही ते? ते म्हणाले, कळेपर्यंत थांब. तरुण माणूस आहे. छापील कागदावर ११ मार्च ही शेवटची तारीख आहे, थांबणार कुठे?

घरी आल्यावर वच्छला म्हणाली, "अहो, आपली शेळी आता कमी देते. अक्काला गुरुवारचं अर्धा शेर द्यायचं का थांबवू?"

"दे. म्हातारं माणूस आहे."

"देते हो. पण रोज घोटभर घेत नाही, आणि गुरुवारी सकाळी मात्र अर्धा शेर पाहिजेच. पिते तर अंगाला काही लागत नाही."

म्हातारपणी अशा लहरी येतातच. अक्का म्हणजे झुंबरबाई, बालगृहाची जुनी आया. तिनेच मला वाढवले. ऐंशीच्या घरात आहे, दोन वर्षांपासून दिसत नाही. आवाराच्या टोकाला तिची खोली. मी तिच्यापुरता तरी मुलगा आहे.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आज तोंडावर विचारले. तो कबरीवरून परतला तेव्हा मी मोरीजवळ त्याची वाट पाहत होतो. त्याच्याबरोबरचे तिघे भाकरी खात बसले होते.

"नूरभाई, दर गुरुवारी आमच्या कबरस्थानात काय काम असतं?"

"दूध घालतो."

"ते पाहिलं. कशासाठी?"

"अम्मी घालायची. ती गेली, आता मी घालतो."

"तुमचं कबरस्थान ओढ्यापलीकडे आहे. आमच्यात कशाला?"

"भाऊ, मरणारा माणूस आधी सातबारा बघून मरतो का?"

तिघे हसले. मला राग आला.

"तिथे दर्गा करायचा विचार दिसतो."

तो मात्र हसला नाही. "साडेपाच फुटांत दर्गा? कव्वाल कुठे बसवू, तुमच्या घंटेवर?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "अक्काला विचारा."

"तिचा काय संबंध?"

"मग कोणालाच विचारू नका."

माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. राग धरलेला माणूस असा बघत नाही. मग आपल्या मडक्यातले पाणी पेल्यात ओतून पुढे केले. तहान लागली होती, पण मी घेतले नाही.

घरी आल्यावर ध्यानात आले. साडेपाच फूट ही रुंदी त्याला कशी ठाऊक? मी ती फक्त या वहीत लिहिली आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

अक्का सुपातली डाळ हातांनी चाचपून निवडत होती.

"अक्का, त्या तिरक्या कबरीत कोण आहे?"

तिचा हात थांबला. "बायामाणसं."

"कोण पण?"

"मेलेली."

"थट्टा नको. नूर महंमद तिथे येतो."

"काय म्हणाला तो?"

"काहीच सांगत नाही."

"मग शहाणा आहे. तूही थोडा हो." आणि सूप जोरात पाखडले. डाळ माझ्या अंगावर उडाली.

तिच्या कोनाड्यात गुळाची पुडी होती. आम्ही दिलेली नव्हती. आंधळ्या म्हातारीला गूळ चारून त्याने आपल्या बाजूला वळवले आहे. जिने मला उचलून घेतले ती माझ्यापासून काही लपवते, हे मला फार लागले.

प्रार्थनेला बसलो. नुसताच बसून उठलो.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

काल फाटकाला कुलूप लावले. विहिरीवर येणाऱ्यांसाठी कुंपणाची मागची फळी उघडी ठेवली, ती वाट कबरस्थानातून जात नाही.

बाराला नूर महंमद आला. कुलूप हातात घेऊन पाहिले. हाक मारली नाही. लोटा फाटकाच्या गजाला टांगला आणि सायकल ढकलत गेला.

मी लोटा काढला. दूध कडुनिंबाच्या मुळाशी ओतले. कबरीपासून चार हातांवर. लोटा धुऊन पुन्हा गजाला टांगला. वास ओळखीचा वाटला, शेळीचे होते.

हे लिहिताना बरे वाटत नाही. पण लिहायचे ठरवले आहे तर सगळे लिहावे.

४ मार्च, सोमवार

यादी पुरी केली. अनुक्रमांक एक्केचाळीस. नाव: अज्ञात. मंडळी: नाही. साल: १९१३ असावे. वारस: नाही.

सपाट झाली की प्रश्नच उरत नाही. दूध कशावर घालणार?

खाली सही केली. पाळकसाहेबांबरोबर उद्या धुळ्याला जाईल.

चाळीसही पुन्हा पुन्हा वाचल्या. माझ्या आईबापाचे म्हणावे असे त्यांत काही नाही. यादीच्या शेवटी मलाच बेवारस झाल्यासारखे वाटले.

वच्छलाला सही दाखवली. तिने वाचले नाही, तिला येत नाही. एवढेच म्हणाली, "तुम्हाला त्या कबरीची भीती वाटते की त्या माणसाची?"

मी म्हणालो, भीती कसली?

"मग घरात मोठ्याने का बोलता इतके दिवस?"

७ मार्च, गुरुवार

रात्री लिहितो आहे.

अकराच्या सुमारास अक्का एकटी निघाली. उन्हात, काठी टेकत, दुसऱ्या हातात लोटा. दोन गुरुवार नूर महंमद कुलपावरून परत गेला हे तिला त्याने सांगितले असणार. फाटक चाचपले, कुलूप लागले. मग कुंपणाला धरून धरून वाट शोधत गेली. कोपऱ्यावर खात्याच्या माणसांनी खुणेसाठी खड्डा खणला आहे. त्यात पडली.

मी चर्चमध्ये होतो. हाक ऐकू आली नाही. नूर महंमदला मोरीवरून दिसली. मी बाहेर आलो तेव्हा तो तिला हातगाडीवर घालून आणत होता. त्याचा सदरा दुधाने भिजलेला. अक्काचा पाय वेडावाकडा झाला होता आणि ती रडत नव्हती. फक्त म्हणत होती, "सांडलं. सगळं सांडलं रे."

सोनगीरहून हाड बसवणारा आला. मांडीचे हाड आहे, या वयात जुळेल असे म्हणवत नाही म्हणाला.

नूर महंमद उंबऱ्यावर बसून होता. जाताना मला म्हणाला, "भाऊ, किल्ली माझ्याकडे नको. पण कुलूप नका लावू."

मी कुलूप काढून विहिरीत टाकले. वेडेपणाच. पैसे घालून आणलेले कुलूप. पण टाकले.

१० मार्च, रविवार

अक्काने आज सांगितले. नूर महंमद आणि धनसिंग आबाला बोलावून घेतले, म्हणाली, मी चुकले तर हे दुरुस्त करतील. मध्ये मध्ये दमायची. वच्छला पाणी पाजत होती. तिच्याच क्रमाने लिहितो.

मानमोडीच्या वर्षी मिशनच्या साहेबाने चर्चमागे झोपडी बांधली. ताप आलेल्या, अंगावर पिणारे मूल असलेल्या बायांना तिथे ठेवायचे, म्हणजे घरात लागण नको. शेवटच्या आठवड्यात तिघी होत्या. एक रमती, आमच्याच मंडळीची, धनसिंग आबाची आत्या. एक हुस्नबानो, नूर महंमदची खाला, त्याच्या अम्मीची थोरली बहीण. तिसरी रस्त्यावर खडी फोडणारी, तिची टोळी तिला टाकून पुढे गेली होती. तिचे नाव विचारायचे राहून गेले.

तिघींची तीन लेकरे. तिन्ही मुलगे, तिन्ही दोन-अडीच महिन्यांचे. एकाच टोपलीत निजायचे.

"जिला ताप कमी असेल ती उठायची," अक्का म्हणाली, "आणि तिघांनाही पाजायची. कोणी बघत नव्हतं कोणाचा कोणता. आज ही, उद्या ती."

लेकरांच्या मनगटाला आपापल्या घरचे दोरे होते. एकाला काळा, एकाला हिरवा, एकाला हळदीचा. मिशनात गंडादोरा चालत नसे, तो नियमच होता. अक्का तेव्हा तिशीतली, नुकता बाप्तिस्मा घेतलेली.

"मला कोणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मीच कात्री घेतली. तिन्ही दोरे कापले, चुलीत टाकले. मला वाटलं देव खूश होईल. मी म्हटलं, मी ओळखते ना तिघांना, दोऱ्याचं काय काम?"

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. चार दिवस शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा तिन्ही बाया गेल्या होत्या आणि टोपलीत एकच लेकरू होते. चार दिवसांत वाळून कोणाचेही दिसेल असे झालेले.

"मी उलटंपालटं करून पाहिलं. नाही ओळखता आलं रे मला."

वच्छलाच्या हातातला पेला घेऊन मी अक्काला पाणी पाजले.

मग आबाने सांगितले, त्याच्या बापाकडून ऐकलेले; तो स्वतः तेव्हा पंधरा वर्षांचा, तापात पडून होता. त्या आठवड्यात गावात खांदा द्यायला चार माणसे उभी नव्हती. ओढ्यापलीकडे नेणार कोण आणि सरण रचणार कोण? एकच खड्डा खणायचा ठरले. साहेब म्हणाला, पाय पूर्वेला. नूर महंमदचा आजा म्हणाला, आमची उत्तरदक्षिण राहील. तिसरीच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. तेव्हा आबाच्या बापाने दोरी उचलली आणि तिरकी धरली.

"मना बाप बोलना, आते कोनीबी हारनं नही. साहेबना आंगमाबी ताप होता. तो बोलना, देवले दिशा समजस. खंद."

तिघी आणि दोन लेकरे त्यात ठेवली. पुढे नूर महंमदच्या आज्याने दगड घडवला आणि तिन्ही खुणा कोरल्या. साडेपाच फूट ही रुंदी त्यांच्या घरात तेव्हापासून सगळ्यांना पाठ आहे.

"अन् दूध?" मी विचारले.

"त्यांचं दूध तुझ्या अंगात आहे," अक्का म्हणाली. "तिघींचं. उसनं आणलेलं परत करायला नको? दर गुरुवारी याची अम्मी सुगराबी घालायची, मग हा घालतो. तुझ्याच शेळीचं आहे ते. मला दिसेनासं झालं तेव्हापासून हा येऊन घेऊन जातो."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू कोणाचा म्हणून सांगू? शाळेत पोरं म्हणाली असती, बिनजातीचा. म्हणून म्हटलं मंडळीतले होते तुझे आईबाप." मग तोंड भिंतीकडे केले. "आणि कात्री कोणाच्या हातात होती ते तुला कळलं असतं."

गुळाबद्दल विचारायचे नव्हते, तरी नूर महंमद आपणच म्हणाला. त्याच्या मुलीचे लग्न ठरले, तो गूळ होता. आमच्याकडेही आणायचा होता त्याला. धीर झाला नाही.

मी त्याला म्हणालो, "त्या गुरुवारी दूध मी झाडाला ओतलं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मुंग्या तिकडे होत्या."

११ मार्च, सोमवार

पहिल्या एस.टी.ने धुळ्याला गेलो. मी, नूर महंमद, आबा. ओव्हरसियरसाहेबांना म्हणालो, एक्केचाळीस नंबर चुकला आहे, चूक माझी आहे.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग आता खोडता येत नाही. वारस उभा राहिला तर त्याने अर्ज द्यावा. कोण आहे वारस?"

"मी."

त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि लिहायला बसवले. नाव या शब्दापुढे मी लिहिले: रमती, हुस्नबानो, आणि एक खडी फोडणारी, व दोन बालके. साल १९१८. नात्याच्या जागी थांबलो. मग 'मुलगा' लिहिले.

साहेबांनी वाचले. चष्मा काढला.

"तिघींचा?"

"होय."

"असं कसं असेल, मिस्त्री? आई एकच असते."

नूर महंमद म्हणाला, "साहेब, दुधाचं नातं आहे. आमच्यात ते रक्ताइतकंच धरतात. लग्नसुद्धा होत नाही त्यात."

"आमनामांबी," आबा म्हणाला. खरे तर आबाकडे असे काही धरत नाहीत. पण एवढ्या ठामपणे म्हणाला की साहेबांनी मान डोलावली.

"हरकत घेणारं कोणी आहे का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. हरकत घेणारा इतके दिवस मीच होतो.

त्यांनी शिक्का मारला. परत येताना गाडीत नूर महंमद शेजारी बसला होता. त्याचे हात बघत होतो, मग माझे. काही सारखे दिसले, काही नाही. मग आबाचे कान बघितले. तेवढ्यात सोनगीरचा किल्ला आला आणि रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बाया दिसल्या. एकीने वर पाहिले. गाडी पुढे गेली.

४ एप्रिल, गुरुवार

आज हलवली.

पेटी मी केली. आधी तीन करायला घेतल्या होत्या. आबा म्हणाला, कोणतं हाड कोणत्या पेटीत घालशी? म्हणून एकच केली, साडेपाच फुटांची. एवढी रुंद पेटी आजवर केली नव्हती. बोरूच्या काडीएवढी लहान हाडेही त्यात आली. मी ती हातानेच ठेवली.

मागच्या जागेत खात्याच्या माणसांनी कबरींसाठी सरळ ओळ आखली आहे, सगळ्या पूर्वेकडे. मुकादम म्हणाला, हीही ओळीत घ्या, नीट दिसेल, खणायलाही सोपे. नूर महंमद दोरी धरून उभा होता. आबा कुदळ घेऊन. दोघे माझ्याकडे बघत होते.

आयुष्यभर मी लाकूड काटकोनाच्या गुण्याला लावून पाहिले आहे. तिरके काही हातून जाऊ दिले नाही. आजही गुण्या हातात होता. तो पिशवीत ठेवला.

"तिरकीच," मी म्हणालो.

आबाने पहिला घाव घातला. दुपारपर्यंत दगडही बसला. नूर महंमदने झिजलेला आठ पुन्हा कोरला. चंद्रसूर्याच्या खाली आणखी काही कोरायचे का म्हणून विचारले. मी म्हणालो, नाव नाही तर राहू दे, जागा मात्र सोड.

भंवरलालशेठ अक्काला हातगाडीवर घालून घेऊन आले. पाय जुळलेला नाही, जुळणारही नाही. वच्छलाने लोटा दिला. मी वाटीत दूध घातले.

"कोण घालतंय?" अक्काने विचारले.

"मी."

"आधी तू प्यालास का?"

"नाही."

"वेडा आहेस. लेकरू उपाशी ठेवून आई घेते का कधी?"

लोट्याच्या तळाशी घोटभर उरले होते. सगळ्यांसमोर प्यायला मला संकोच वाटला. तरी प्यालो. किंचित कडसर लागले. आमची शेळी कडुनिंबाचा पाला खाते.